आधी सह्या, मग मजकूर

सतरा मुलाखती झाल्या होत्या आणि सही एकही नव्हती.

एम.ए.चं दुसरं वर्ष संपत आलं होतं. आमच्या अभ्यासक्रमाचं नाव लांबलचक होतं, प्रादेशिक राजकारण आणि आंतरराष्ट्रीय संबंध. बसमध्ये कुणी विचारलं तर मी नुसतं 'राज्यशास्त्र' म्हणायचे, कारण पूर्ण नाव सांगेपर्यंत समोरच्याचा स्टॉप यायचा. शेवटच्या सत्रात एक लघुप्रबंध लिहायचा होता. मी डिचोली तालुक्यातली एक वाडी घेतली होती. दूरच्या देशात पोलादाची भूक वाढली तेव्हा या वाडीचं राजकारण कसं बदललं, आणि ती भूक ओसरली, मग वाडीजवळची लोहखनिजाची खाणही बंद झाली, तेव्हा मागे काय उरलं, हा विषय. प्रबंधाचा सगळा जीव मुलाखतींत होता. आणि नियम असा की ज्याची मुलाखत घ्याल त्याची संमतिपत्रावर सही हवी. सही नसेल तर मुलाखत धरायची नाही. मुलाखती नाहीत तर प्रबंध नाही, आणि प्रबंध नाही तर वर्ष गेलं.

पार्सेहून म्हापसा, म्हापशाहून डिचोली, आणि डिचोलीहून वाडीपर्यंत जे मिळेल ते, असा माझा प्रवास. ज्या दिवशी तास असत त्या दिवशी म्हापशाहून पणजी आणि तिथून वर पठारावर विद्यापीठ. दोन वर्षांत मी पुस्तकं जेवढी वाचली त्याहून जास्त वेळ म्हापशाच्या बसस्टँडवर उभी राहिले. वर्गात पोचायची तेव्हा पहिला तास अर्धा झालेला असायचा आणि महासत्तांचा समतोल कुणीतरी आधीच बिघडवलेला असायचा.

मी पत्रकांवर वाढले. हे अलंकारिक नाही. बाबा डिचोलीच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचे: पाण्याबद्दल, धुळीबद्दल, ट्रकांच्या वेगाबद्दल, शाळेच्या गळक्या छपराबद्दल. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली, पाढे लिहिले. पुढच्या बाजूचं आपोआप पाठ झालं. बाबांनी मला पत्रक वाटायला शिकवलं होतं. स्कूटरच्या सीटवर ठेवायचं नाही, हातात द्यायचं. द्यायच्या आधी माणसाच्या तोंडाकडे बघायचं. 'चुरगळणार तो चुरगळू दे, पण दुसरी ओळ वाचून चुरगळू दे.' म्हणून पहिली ओळ छोटी लिहायची.

बाबा मूळचे दोडामार्गकडचे, आई पार्सेची. मी नऊ वर्षांची होईपर्यंत आम्ही त्याच वाडीत भाड्यानं राहत होतो. मग छापखाना बंद पडला म्हणून आम्ही आईच्या माहेरी आलो, असं मला सांगण्यात आलं होतं. पार्सेला आल्यावर बाबांनी मामांची काजूची बाग सांभाळायला घेतली आणि पत्रकं सोडली. डोळे गेले म्हणाले. वर्तमानपत्र मात्र ते अजून पेन्सिल हातात घेऊन वाचत आणि ऱ्हस्वदीर्घाखाली रेघा मारत, म्हणजे डोळे काही फार गेले नव्हते. हे मला खूप उशिरा जाणवलं.

एम.ए.च्या वर्गात मी बोलायला उठले की मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणायचं, "आलं पत्रक." माझ्या निबंधांत उद्गारचिन्हं फार असत. मार्गदर्शक मॅडम ती लाल शाईनं एकेक खोडत. वाईट नव्हत्या त्या. थकलेल्या होत्या, आमच्यासारख्याच. एकदा वर्गात त्यांनी विचारलं, "तुझ्या या आराखड्यात परराष्ट्र कुठे आहे? मला फक्त वाडी दिसतेय. चीन कुठे आहे यात?"

"विहिरीत, मॅडम," मी म्हटलं.

वर्ग हसला. मॅडमही हसल्या. पण मी विनोद केला नव्हता. खाण जसजशी खाली गेली तसतशा वाडीच्या विहिरी आटल्या, आणि खाण खाली गेली ती तिकडून मागणी होती म्हणून. हे मला पुराव्यासकट मांडायचं होतं.

पहिली मुलाखत एका काकींची घेतली. खाण चालू असताना रस्त्याच्या कडेला त्यांची चहा-भज्यांची टपरी होती. ट्रकांची रांग अडली की ड्रायव्हर उतरून त्यांच्याकडेच यायचे. आता त्या टपरीत जळाऊ लाकडं ठेवतात. काकी दीड तास बोलल्या. चहाच्या कोपावर बशी उपडी घालून द्यावी लागायची, नाहीतर दोन मिनिटांत वर तांबडी साय धरायची, म्हणाल्या. ड्रायव्हर बशी उचलायचा, एक घोट घ्यायचा, पुन्हा बशी ठेवायचा. विहिरीबद्दल बोलल्या, नवऱ्याच्या खोकल्याबद्दल बोलल्या, त्या दिवसांत गल्ल्यात पैसाही होता हे न लाजता बोलल्या. मी रेकॉर्डर बंद केला, संमतिपत्र पुढे केलं, पेनाचं टोपण काढून दिलं.

"ह्या कित्याक?"

"काकी, तुम्ही बोललात ते मी वापरलं तर चालेल, एवढंच आहे यात."

"मगे वापर. मी नको म्हटलंय?"

"पण सही लागते."

"सही नाय गो बाय. चाय घेतंस?"

दुसऱ्या घरी चष्मा सापडेना. सगळे शोधायला लागले. चष्मा घरमालकाच्या नाकावर होता, पण ते कुणी बोलून दाखवलं नाही, मीही नाही. तिसऱ्या घरी अमावास्या होती. मी बाहेर येऊन मोबाइलवर पाहिलं, तर खरंच होती. एकानं सांधे सुजलेला हात दाखवला आणि त्याच हातानं मला शहाळं सोलून दिलं. सगळे बोलत होते, अगदी भरभरून. कागद दिसला की गप्प.

मी माझा निष्कर्ष काढला. हे लोक घाबरलेत. कंपनी गेली, खाणीत पाणी साचून तळं झालं, तरी भीती उरलीय. वहीत मी 'भीतीचं राजकारण' म्हणून तीन पानं लिहिली. मला सापडलेलं हे पहिलं स्वतःचं काही होतं आणि ते मी अभिमानानं मॅडमना दाखवलं.

"हे लोक घाबरलेत हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही, मॅडम. दिसतंच की."

"दिसतं ते पत्रकात चालतं." त्यांनी वही मिटून परत दिली. "इथं कुणीतरी सांगावं लागतं."

त्याच आठवड्यात संमतिपत्रही परत आलं. मूळ इंग्रजी चार पानी मजकुराचं मराठी मीच केलं होतं. ते तपासणाऱ्या समितीतल्या कुणीतरी समासात लिहिलं होतं: 'हे संमतिपत्र आहे की जाहीरनामा?' मी 'आपला आवाज दडपला जाऊ नये म्हणून' असं काहीतरी घातलं होतं. नवा मजकूर करून पाठवला. तो मंजूर होऊन यायला वेळ लागणार होता. आणि प्रबंधाची तारीख जवळ येत होती.

मग मला आठवलं की वाडीच्या देवळाचा वर्धापन दिन येतोय. त्या दिवशी सगळी वाडी एका मांडवात असते. कामाला बाहेरगावी गेलेलेसुद्धा येतात. घरोघरी हिंडून, चष्मे शोधत बसण्यापेक्षा एका दुपारी काम होईल. मजकूर हातात नव्हता, पण सह्यांना मजकूर कशाला हवा? तोंडी समजावून सांगायचं, सह्या घ्यायच्या, मजकूर मंजूर होऊन आला की वर जोडायचा. मी कागदांवर पट्टीनं रेघा मारल्या. अनुक्रमांक, नाव, सही. हात सराईतासारखा चालला. हे आपण कुठे पाहिलंय, असा प्रश्नसुद्धा पडला नाही.

मांडवात आरती संपली होती, पहिली पंगत बसायची होती. मी देवळाच्या सोप्यावर एक स्टूल ठेवलं, त्यावर कागद, कागदावर पेन. पहिले आले ते एक काका. खाणीच्या काळात त्यांचा ट्रक होता. तो ट्रक आता त्यांच्या घरामागे उभा आहे, त्याच्या बोनेटवर कारल्याचा वेल चढलाय. ते स्वतः दुसऱ्या कुणाचा पाण्याचा टँकर चालवतात. उन्हाळ्यात त्याच वाडीला त्यांचाच टँकर पाणी देतो. त्यांची मुलाखत माझ्या सतरांतली सगळ्यांत लांब होती.

"काय गो, ह्या काय?"

"सह्या, काका. मुलाखतींच्या."

त्यांनी कागद उचलला. उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. "वयर काय लिवलला नाय."

"मजकूर मागून जोडणार आहे. मंजूर होऊन यायचाय. काय आहे ते मी सांगते ना तुम्हाला."

ते माझ्याकडे बघून हसायला लागले. ते हसणं ऐकून मला बरं वाटलं नाही. त्यांनी मांडवाकडे तोंड करून हाक दिली.

"अरे, इलो रे! बापाशीचो कागद परत इलो!"

माणसं वळली. कुणीतरी म्हणालं, "ह्या टायमाक काय बंद करतलंस गो?" दुसरा म्हणाला, "माझ्या बायलेचा तोंड बंद कर, मी दोनदा सही करतंय." बायकांच्या बाजूनं त्याला जे उत्तर आलं ते लिहिण्यासारखं नाही. सगळा मांडव हसला. मी त्या हसण्यात उभी होते आणि मला त्यातलं काहीच कळत नव्हतं.

काकी वाढपाची बादली घेऊन पुढे आल्या. "गप ऱ्हवा रे. चेडवाक आधी जेवूक द्या."

चेडवानं, म्हणजे वाडीच्या या पोरीनं, जेवून घेतलं. काय जेवले ते आठवत नाही. जेवण झाल्यावर टँकरवाले काका माझ्या बाजूला सोप्यावर येऊन बसले. दात कोरत होते.

"तुका खरांच कोणी सांगूक नाय?"

"काय?"

त्यांनी सांगितलं ते असं. बऱ्याच वर्षांपूर्वी, याच मांडवात, वर्धापन दिनालाच, बाबांनी असेच रेघा मारलेले कागद स्टुलावर ठेवले होते. धुळीबद्दल आणि विहिरीच्या पाण्याबद्दल लिहितोय म्हणाले होते. छापखान्याचं यंत्र फक्त रविवारी मोकळं मिळायचं आणि माणसं फक्त आज एकत्र मिळणार, म्हणून आधी सह्या, मग मजकूर. कुणी काही विचारलं नाही. वाडीतल्यांचे अर्ज बाबाच लिहायचे, आलेली पत्रं बाबाच वाचून दाखवायचे. सगळ्यांनी सह्या केल्या. रविवारी पत्रक छापलं. वर मोठ्या टायपात मथळा: खाण बंद करा. खाली ओळीनं सगळ्यांची नावं. धूळ आणि विहीर मध्ये कुठेतरी होती, बारीक अक्षरांत.

बाजाराच्या दिवशी ते डिचोलीभर वाटलं गेलं. त्यानंतर कुणी धमकी दिली नाही, कुणी शिवी दिली नाही. फक्त ज्यांची नावं पत्रकावर होती त्यांच्या ट्रकांचा खाणीवर खनिज भरायच्या रांगेत नंबर लागेनासा झाला. आज नाही, उद्या या. उद्या नाही, पुढच्या आठवड्यात बघू.

"खाण त्या कागदान बंद झाली नाय," काका म्हणाले. "ती मागसून झाली, तेची कारणां येगळी. ता माका म्हायत असा. पण माझो ट्रक त्या कागदान बंद झालो. खाण बंद व्हवच्या दोन वर्सां आधी."

मी विचारलं, मग मला मुलाखत का दिलीत?

"तू तेचा चेडू. ह्याच मांडवात पंगतीक बसान जेवलंस. तुका नाय कसा म्हणाचा?" त्यांनी काडी फेकली. "आणि सही नाय, ती पण तू तेचा चेडू म्हणानच."

मी कागद गोळा केले. एकावर डाळीचा डाग पडला होता, बाकी कोरे होते.

परतीच्या बसमध्ये मला खिडकीजवळची जागा मिळाली, हे त्या दिवसातलं एकमेव बरं घडलेलं. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पेपरात मला वर्गात सर्वांत जास्त गुण होते. करार कसा होतो, हा प्रश्न मी लिहिला होता. आधी वाटाघाटी, मग मजकूर निश्चित करायचा, तो सर्वांनी मान्य करायचा, त्यानंतर स्वाक्षरी, आणि स्वाक्षरीनंतरही घरी जाऊन पुन्हा विचार करायला सवड, मगच शिक्कामोर्तब. पायऱ्या मी क्रमानं लिहिल्या होत्या, एकही चुकवली नव्हती. लहान देशांवर मोठ्या देशांनी कोरे कागद कसे लादले यावर तर मी पुरवणी जोडली होती. आणि वाडीत जाताना मी पट्टी घेऊन रेघा मारल्या.

बाबा घरामागच्या बागेत होते. काजूचा हंगाम होता. ते खाली बसून बोंडू पिळून बिया वेगळ्या करत होते, बिया एका पाटीत, बोंडू एका डब्यात. मी समोर बसले आणि रेघांचे कागद त्यांच्यापुढे ठेवले. ते बघताच ओळखले त्यांनी. हात थांबले नाहीत.

घरी बाबा आमच्याशी छापील मराठी बोलत. आई पेडण्याची कोकणी बोलायची आणि बाबांच्या मराठीला हसायची.

"कुणी सांगितलं?"

मी सांगितलं.

त्यांनी आणखी एक बोंडू पिळला. मग म्हणाले, "मजकूर आधी तोच केला होता, धुळीचा आणि पाण्याचा. शनिवारी लिहून ठेवला. रविवारी जुळवायला घेतला तर फार मिळमिळीत वाटला. 'धूळ कमी करा.' एवढ्यावर कोण थांबतो बाजारात? मथळा मी चढवला. मग खालचं मथळ्याला साजेसं केलं."

"विचारलं नाहीत कुणाला?"

"यंत्र संध्याकाळपर्यंतच मोकळं होतं."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. माझ्याकडे वाक्यंही तयार होती, छोटी, पहिल्या ओळीला शोभणारी. पण ती सगळी त्यांनीच शिकवलेली होती. आणि खाणीबद्दल त्यांनी लिहिलेलं खोटं नव्हतं. विहिरी आटल्याच होत्या. काकींचा नवरा खोकून खोकूनच गेला होता.

"परत गेला नाहीत?"

"गेलो एकदा. चहा दिला. मी चहा पिईपर्यंत अंगणातली माणसं एकेक करून कामाला निघून गेली. काम कुठलं? कामं तर बंदच होती." त्यांनी पाटी हलवून बिया सपाट केल्या. "लिहिलं ते चूक नव्हतं. पण त्यांनी ते सांगितलं नव्हतं."

छापखाना बंद पडला म्हणून आपण इथे आलो ना, हे विचारायचं मी टाळलं. आई मागच्या दारात येऊन उभी होती आणि तिच्या तोंडाकडे बघून उत्तर कळलं.

मॅडमना मी सगळं सांगितलं, बापाचं नावही. त्यांनी दोन वाटा दाखवल्या. मुलाखती गाळायच्या, निर्यातीचे तक्ते आणि व्यापार करार घ्यायचे, महिन्यात प्रबंध होईल, वेळेत होईल. किंवा मुदतवाढ घ्यायची, म्हणजे यंदाच्या यादीत नाव नाही, आणि पुढे संशोधनाच्या जागेसाठी मी जो अर्ज करणार होते तोही नाही.

"तक्ते घेतलेस तर कुणी काही म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "मी तर मुळीच नाही. मला अजून नऊ जणांचं वाचायचंय."

मी मुदतवाढीचा अर्ज मागितला. त्यांनी दिला, आणि मी पेन काढलेलं बघून म्हणाल्या, "वाच तरी आधी." मी उभ्या उभ्या सगळा वाचला. दुसऱ्या पानावर सहावी अट होती, मुदतवाढ एकदाच मिळेल अशी. एरवी ती मला दिसली नसती.

मग मी लिहायला बसले. रेकॉर्डरवरचं ऐकायचं, जो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत उतरवायचं, माझं काही घालायचं नाही. हे फार कंटाळवाणं काम आहे. मथळा चढवायची सवय बोटांत असते. काकी 'त्रास व्हायचो' म्हणाल्या तिथे माझ्या हातून 'छळ' पडायचा. खोडून पुन्हा 'त्रास' लिहायचा. ते तीन महिने आठवले की मला फक्त तेवढंच आठवतं, खोडलेले जोरकस शब्द आणि त्यांच्या जागी परत बसवलेले साधे.

पहिला मजकूर पूर्ण केला तो बाबांचा. अठरावी मुलाखत. पत्रकाची हकीकत त्यांनी सांगितली तशी लिहिली आणि मंजूर होऊन आलेल्या नव्या संमतिपत्रासह त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी पेन्सिल घेतली. दोन वेलांट्या दुरुस्त केल्या. मग एका ठिकाणी थांबले. मी लिहिलं होतं, 'भाबडेपणानं मी मथळा बदलला.'

"हे मी बोललो?"

"नाही. मी घातलंय."

"मी भाबडा नव्हतो. काढ." त्यांनी शब्दावर आडवी रेघ मारली आणि समासात मुद्रिततपासनिसाची 'गाळा' अशा अर्थाची ती लहानशी गाठ काढली, जी मी बाराखडीच्या आधीपासून ओळखते. "सुधारून आण. मग सही."

"बाबा, एकच शब्द आहे. पेनानं खोडते ना."

"सुधारून आण."

मी म्हापशाला गेले, पान पुन्हा छापून आणलं. त्यांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत परत वाचलं, जणू आधी पाहिलंच नव्हतं. मग सही केली, खाली तारीख घातली.

ती सही गठ्ठ्यात सगळ्यांत वर ठेवून मी वाडीत गेले. टँकरवाले काका घरी होते. बाबांचा मजकूर त्यांनी अंगणात उभ्यानं वाचला, ओठ हलवत. सहीकडे बघितलं. मग स्वतःचा मजकूर घेऊन पायरीवर बसले आणि वाचता वाचता बोट टेकवलं.

"ह्या काय? 'माझे दोन ट्रक.' दोन खंय? एक माझो, एक भावाशीचो."

"तुम्ही 'आमचे दोन' म्हणालात, काका."

"आमचे म्हटलंय. माझे नाय."

डिचोलीला जाऊन पान बदलून आणलं. जाऊन-येऊन दोन तास गेले, त्यातला एक नुसता बसची वाट बघण्यात. काका तोवर टँकर घेऊन गेले होते. परत आले तेव्हा त्यांनी हात धुतले, लुंगीला पुसले, सगळं पहिल्यापासून वाचलं आणि सही केली. सहीखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: मजकूर वाचून.

"जा आता फुडच्या घरी," कागद परत देत म्हणाले. "तेका चष्मो गावतलो."

खरंच सापडला. पण त्या घरच्यांनी सगळी पानं मोठ्यानं वाचून घेतली, दोन वेळा. तिसऱ्या घरी मुलगा गोव्याबाहेर होता, त्याला फोनवर वाचून दाखवावं लागलं. असं करत करत बहुतेकांच्या सह्या झाल्या. माझ्या वर्गातल्यांचे पदवीचे फोटो मोबाइलवर आले तेव्हा मी वाडीच्या रस्त्यावर बसची वाट बघत होते. संशोधनाची ती जागा त्या वर्षी दुसऱ्या कुणालातरी मिळाली.

काकींनी सही केली नाही. मजकूर तीन वेळा ऐकला, प्रत्येक वेळी काहीतरी सुधारलं, प्रत्येक वेळी चहा दिला, सही नाही. त्यामुळे प्रबंधात त्यांची मुलाखत नाही आणि चहाच्या कोपावरची बशीही नाही. ती इथे लिहिली आहे. हे सगळं लिहून झाल्यावर मी त्यांच्याकडे गेले आणि टपरीतल्या लाकडांशेजारी बसून त्यांना पहिल्यापासून वाचून दाखवलं. नवऱ्याच्या खोकल्याचा उल्लेख आला तिथे त्यांनी हात वर करून मला थांबवलं, खाली घसरलेलं एक लाकूड परत रचलं, आणि 'फुडे वाच' म्हणाल्या.

वाचून संपलं.

"बरा असा," काकी म्हणाल्या. "छाप. पण सही नाय हां."